शनिवारचे सव्वादोन तास : एका बेने इस्राएल व्हॉट्सॲप ग्रुपचं प्रकरण

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी (ज्यू). ही हकीकत खरी आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही आणि नात्यांत थोडा बदल केला आहे. मी या ग्रुपच्या तीन ॲडमिनपैकी एक. त्यामुळे मी त्रयस्थ नाही, आणि जिथे निर्णय चुकले तिथे त्यात मीही होते.

पार्श्वभूमी

रायगड जिल्ह्यातल्या एका गावात आमचं जुनं सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, आहे. आमच्या घरांत त्याला 'मशीद' म्हणायची पद्धत होती. १७९६ साली मुंबईत उभं राहिलेलं शाआर हारहमीम अजूनही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'जुनी मशीद'च आहे. एके काळी या गावात इस्राएल आळी भरलेली होती, शनवार तेल्यांचे घाणे होते. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि तेल गाळत, शनिवारी काम बंद ठेवत कोकणात राहिली, ही गोष्ट आमच्यातलं प्रत्येक मूल ऐकतच मोठं होतं. चेऊलकर, पेणकर, नवगावकर, दिवेकर, अष्टमकर ही आडनावं म्हणजे त्याच गावांची यादी.

१९५१ च्या जनगणनेत भारतात २६ हजारांच्या आसपास यहुदी होते. २०११ साली साडेचार हजारांच्या आसपास उरले, आणि त्यांत बहुतेक बेने इस्राएल. बाकीचे बहुतेक इस्राएलमध्ये लोद, रामला, अश्दोद, दिमोना, बेरशेबा इथे गेले. आमच्या गावात २०१६ मध्ये पाच घरं उघडी होती.

पाच घरांत मिनियान, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणारी माणसं, होत नाही. दहा प्रौढ पुरुष जमल्याशिवाय गेलेल्या माणसासाठीचा कद्दीश म्हणता येत नाही, सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढून वाचता येत नाही. आईवडिलांच्या वर्षाच्या प्रार्थनेला पनवेल, अलिबाग, ठाणे इथून माणसं बोलवावी लागतात. पूर्वी समाश, म्हणजे सिनेगॉगचा सेवक, फोन फिरवायचा. सात जण 'बघतो' म्हणायचे, नऊ यायचे आणि कद्दीश न म्हणताच लोक परतायचे. ज्याने एकदा तरी नऊ माणसांत उभं राहून दाराकडे बघत वाट पाहिली आहे, त्याला ग्रुप का निघाला ते सांगावं लागत नाही.

२०१६ मध्ये ग्रुप निघाला तो एवढ्यासाठीच. गुरुवारी रात्री कोण येणार ते लिहायचं, दहा भरले की थांबायचं. पहिल्या सहा महिन्यांत मोजणी चुकली नाही. मग कुणीतरी अश्दोदच्या चुलत भावाला घातलं, त्याने दिमोनाच्या आत्याला. बघता बघता २५६ माणसं झाली. तेव्हा व्हॉट्सॲपची मर्यादा तेवढीच होती. एखाद्याला घ्यायचं तर कुणाला तरी काढावं लागायचं, आणि गावात येऊन मिनियानला उभे राहू शकणारे त्यात जेमतेम चाळीस होते.

इथे पहिला निर्णयाचा क्षण आला आणि आम्हाला तो कळलाच नाही. ग्रुपचं काम बदललं होतं, नाव आणि नियम तेच राहिले.

टाळेबंदी आणि आजीची वही

मार्च २०२० मध्ये मशिदीला कुलूप लागलं. ८ एप्रिलच्या रात्री पेसाह (वल्हांडण सण) होता, आणि घराघरांत एकेकटी म्हातारी माणसं. इस्राएलमध्ये तेव्हा मोठा वाद पेटला होता. चौदा सेफार्दी धर्मगुरूंनी त्या एका वर्षापुरती, एकट्या वृद्धांसाठी, झूमवर सेदेर, म्हणजे पेसाहच्या रात्रीचं विधीचं जेवण, करायला परवानगी दिली. मुख्य धर्मगुरूंनी विरोध केला. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने आणीबाणीपुरतं दुरून मिनियान मोजायलाही वाट दिली, ऑर्थोडॉक्स पंथाने दिली नाही. या सगळ्याचे दुवे आमच्या ग्रुपवर येत होते. आदल्या पिढीत असला निर्णय हजान (प्रार्थना चालवणारा) आणि मुकादम (जमातीचा प्रमुख) देत. आता ऐंशी वर्षांची बाई मला विचारत होती, "तुझ्या फोनवर कुठल्या रब्बीचं (धर्मगुरूचं) खरं?"

आम्ही मधला मार्ग काढला. शुक्रवारी सूर्यास्ताआधी झूमवर एकत्र बसायचं, स्तोत्रं म्हणायची, सूर्य मावळायच्या आत बंद करायचं. कद्दीश म्हणायचा नाही. आईचं कद्दीशचं वर्ष चालू असलेला एक जण फार दुखावला. आमचा निर्णय आमच्या परंपरेला धरून होता असं मला आजही वाटतं, पण तो आम्ही त्याला मेसेजवर कळवला. फोन करायला हवा होता.

याच काळात ठाण्यातल्या एका मुलीने आपल्या आजीचा आवाज रेकॉर्ड करायला सुरुवात केली. आजी तेव्हा ८२ वर्षांची. तिच्याकडे पुठ्ठ्याच्या बांधणीची एक वही होती, तिच्या आईच्या हातची. त्यात मोशेची, योसेफाची, एस्तेर राणीची, एलियाहू हन्नाबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची, मराठी गाणी. १८८० च्या सुमारास मुंबईत आमच्या लोकांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं सुरू केली, चाली हरिदासांच्या आणि कथा तोरातल्या. ती कीर्तनं पुरुष करत, पण गाणी घरी बायकांनी टिकवली. जात्यावर, बारशाला, लग्नाच्या मेंदीला.

दर शुक्रवारी सकाळी नात एक व्हॉइस नोट टाकायची. कधी तीन मिनिटं, कधी पाच. मध्ये कुकरची शिट्टी, आजीचा खोकला, "थांब गं, ओळ चुकली". दिमोनातून, बेरशेबातून उत्तरं येऊ लागली. एका बाईने लिहिलं, माझी आई हेच गुणगुणायची, शब्द आज कळले. मराठी न येणारी पोरं आजीला हिब्रूत 'सावता' म्हणू लागली. ज्या ग्रुपवर नुसती माणसं मोजली जायची तिथे शुक्रवारची सकाळ गाण्याची झाली. शाळेत तीस वर्षं शिकवूनही मला इतका उत्सुक वर्ग कधी मिळाला नव्हता.

अडचण कशी उभी राहिली

२८ जानेवारी २०२१ ला, गुरुवारी, तू बिश्वात होता. जगभरचे यहुदी तो झाडांचा सण म्हणून पाळतात. आमच्याकडे तो एलियाहू हन्नाबीचा उरूस. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर ज्या खुणा आहेत, तिथून एलियाहूचा रथ वर गेला असं आमची माणसं मानतात, आणि त्या दिवशी तिथे मलिद्याची ताटं जातात. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर फळं आणि सब्जाची डहाळी. त्या वर्षी गर्दी टाळायची म्हणून आजीच्या घरीच मलिदा केला. नातीने व्हिडिओ काढला: ताट, दिवा, पुरुषांची हिब्रू प्रार्थना, शेवटी आजीचं गाणं. ग्रुपवर टाकला.

शुक्रवारी सकाळपर्यंत तो कुणीतरी बाहेर पाठवला आणि फेसबुकच्या एका सार्वजनिक पानावर चढला. खाली अनोळखी लोकांच्या टिपण्या. ही तर पूजा आहे. हे यहुदी कसले? काही टिपण्या इस्राएलमधल्या, काही इथल्या.

शुक्रवारी भारतातल्या वेळेने दुपारी साडेचारला ग्रुपवर एक लांब मेसेज आला. पाठवणारा आजीच्या थोरल्या बहिणीचा नातू, बाविशीतला, इस्राएलमध्ये येशिवात, म्हणजे धार्मिक विद्यालयात, शिकणारा. त्याचे दोन मुद्दे होते. एक, तालमूद या जुन्या धर्मग्रंथात स्त्रीच्या गाण्याबद्दल जे म्हटलंय त्यानुसार पुरुष असलेल्या ग्रुपवर बाईचं गाणं टाकू नये. दोन, मलिद्याला हलाखात, म्हणजे यहुदी धर्मनियमांत, आधार नाही, तो भारतातल्या शेजाऱ्यांकडून आला, आणि असे व्हिडिओ टाकून आपण स्वतःच लोकांच्या हाती कोलीत देतो. भाषा उद्धट नव्हती. पण ती शिकवणाऱ्याची होती, आणि समोर ८२ वर्षांची बाई होती.

आजीचे धाकटे भाऊ, ज्यांना सगळे मामा म्हणतात, यांनी तो मेसेज शब्बाथ लागायच्या आधी वाचला. मामा शब्बाथ पाळतात, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत काम नाही, फोनही नाही. रात्रभर आणि दुसरा सगळा दिवस ते तो मेसेज मनात घेऊन बसले. शनिवारी सात वाजून गेल्यावर, आपल्याकडे तारे दिसल्यावर, त्यांनी फोन उघडला आणि उत्तर लिहिलं. त्यात १९६२ ते ६४ चा सगळा राग होता, जेव्हा इस्राएलमध्ये आमच्या यहुदी असण्यावरच शंका घेतली गेली. 'तुझ्या आजीला तिच्या लग्नाच्या वेळी काय ऐकावं लागलं ते आधी विचार.' २०१६ चा डीएनएचा अभ्यासही होता, ज्यात बेने इस्राएलच्या रक्तात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा अंश सापडला. मामांसारख्या माणसाला आपली ओळख सांगायला प्रयोगशाळेचा दाखला द्यावासा वाटला, याचं मला फार वाईट वाटलं.

भारतात शनिवारची संध्याकाळ झाली होती, पण इस्राएलमध्ये शब्बाथ अजून चालू होता. त्या दिवसांत दोन्हीकडच्या शब्बाथच्या अखेरीत सव्वादोन तासांचं अंतर होतं. तो मुलगा फोनला हात लावू शकत नव्हता. इकडे मात्र एकामागून एक माणूस बोलत होता. कुणी मामांच्या बाजूने, कुणी 'पोरगं चुकीचं काय बोललं' म्हणून, कुणी नुसतेच हात जोडलेले. आपल्या घड्याळात सव्वानऊला त्याने हवदाला, म्हणजे शब्बाथ संपवायचा विधी, करून फोन उघडला तेव्हा सत्तरेक मेसेज पडले होते आणि त्यातल्या निम्म्यांत तो 'गोऱ्या रब्बींचा पोपट' झाला होता.

त्याचं मौन इथल्या लोकांना उर्मटपणा वाटलं होतं. खरं तर तो शब्बाथ पाळत होता.

रविवारी सकाळी नातीचा मला फोन आला. आजी म्हणाली होती, "माझ्या गळ्यापायी घरात भांडण नको. वही आत ठेव."

समोरचे पर्याय

रविवारी आम्ही तिघे ॲडमिन फोनवर बोललो: मी ठाण्यातून, एक जण पनवेलहून, तिसरी अश्दोदहून.

मेसेज काढून टाकावेत असं पनवेलकरांचं म्हणणं. पण तेव्हा ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज पुसायची सोय नव्हती, ती पुढच्या वर्षी आली. आम्ही माणसं काढू शकत होतो, शब्द नाही. मामांना आणि त्या मुलाला दोघांनाही महिनाभर काढावं, हे समान न्यायाचं दिसत होतं. मी त्याला जवळजवळ हो म्हटलं होतं. अश्दोदची म्हणाली, "दोघांना काढलंत तर दोघेही आपापल्या ग्रुपवर हेच लिहितील, फक्त आपल्याला दिसणार नाही."

एखाद्या रब्बीला विचारून निवाडा घ्यावा हा तिसरा पर्याय. पण कुणाला? मुंबईत विचारलं तर तिकडचे मानणार नाहीत, तिकडे विचारलं तर मामा म्हणणार, १९६२ साली पण तिकडेच विचारलं होतं. शिवाय, ज्या प्रश्नाने आजी दुखावली तो हलाखाचा नव्हताच. बाईच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाबद्दल धर्मगुरूंमध्येच मतभेद आहेत, त्यावर अभ्यासू चर्चा झाली असती तर कुणी रडलं नसतं.

चौथा पर्याय ग्रुपचे तुकडे करण्याचा: मिनियानचा वेगळा, गाण्यांचा वेगळा, बातम्यांचा वेगळा. याला माझा विरोध होता. इतक्या वर्षांनी एकत्र आलेली माणसं पुन्हा खोल्या-खोल्यांत बसवायची? तो विरोध भावनेपोटी होता आणि चुकीचा होता, हे मला नंतर उमगलं.

काय केलं

आधी ग्रुपला 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' हे कुलूप लावलं आणि एक ओळ टाकली: आठवडाभर इथे फक्त मिनियानची मोजणी होईल.

मग मी त्या मुलाला फोन लावला. मला हिब्रू मोडकं येतं, त्याला मराठी अजिबात नाही; अश्दोदची मधे बसली. तो पहिली दहा मिनिटं गप्प होता. मग कळलं की फेसबुकवरचा तो व्हिडिओ त्याच्या खोलीतल्या मुलांनी त्याला दाखवला होता. 'हे तुमचं का?' म्हणून. त्याने 'नाही' म्हटलं होतं, आणि मग सावताचा चेहरा पाहिला होता. त्या शरमेतून तो मेसेज लिहिला गेला.

मी विचारलं, तुझ्या आजीच्या लग्नाबद्दल तुला काय माहीत आहे? काहीच नाही, म्हणाला.

त्याची आजी, म्हणजे मामांची थोरली बहीण, १९५० च्या दशकात गेली होती. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बीनेतने, म्हणजे मुख्य धर्मगुरूंच्या कार्यालयाने, निर्देश काढला की बेने इस्राएल व्यक्तीचं दुसऱ्या समाजातल्या यहुद्याशी लग्न लावण्याआधी आईकडच्या पिढ्यांची चौकशी करावी. लग्न नोंदवायला गेलेल्या या मुलीला टेबलापाशी विचारलं गेलं: तुझी पणजी यहुदी होती याला पुरावा काय? तिने कोकणातल्या आपल्या गावाचं नाव सांगितलं. समोरच्याला ते लिहिताही येईना. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने आणि क्नेसेतने (तिथल्या संसदेने) ते सर्वार्थाने यहुदी असल्याचं जाहीर केलं, आणि निर्देशातला आमच्या समाजाचा उल्लेख गेला. त्या बाईने पुढे घरात मराठी बोलणंच सोडलं. मुलांना, नातवंडांना काही सांगितलं नाही. त्यामुळे तो मुलगा ज्या जखमेवर बोट ठेवत होता ती त्याच्याच घरातली होती, आणि त्याला ते माहीत असायचं काही कारणच नव्हतं.

पुढच्या रविवारी मामा आणि तो, व्हिडिओ कॉलवर. मामा आधी तयार नव्हते. मी म्हटलं, "मामा, त्याला तुमच्या बहिणीची गोष्ट सांगायला दुसरं कोण उरलंय?" मग बसले. त्यांनी राहाबीची गोष्टही सांगितली. परंपरेने सांगतात ती अशी की दावीद राहाबी कोकणात आला, हे लोक यहुदी आहेत का ते पाहायला त्याने बायकांना मासे रांधायला दिले, आणि बायकांनी खवले आणि पर नसलेले मासे बाजूला काढले. मामा म्हणाले, "परीक्षा बायकांची घेतली, बाबा. पास त्या झाल्या."

मी त्यात आणखी एक गोष्ट घातली. आमच्याकडे शिकवणारा नेहमी बाहेरून आलाय. राहाबी आला, १८२६ नंतर कोचीनहून शिक्षक आले, १८३२ मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्याने मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. आम्ही प्रत्येकाकडून घेतलं. १८४६ ची मराठी हग्गादा (पेसाहच्या रात्री वाचायची पोथी) ही अशाच शिकण्यातून आली. तेव्हा तुझ्याकडून शिकायला आमची ना नाही, फक्त आमचंही जरा ऐकून घे.

मग त्यानेच एक प्रश्न विचारला: मलिद्यात पुरुष म्हणतात ती हिब्रू प्रार्थना कोणती? मामांनी म्हणून दाखवली. आधी 'एलियाहू हन्नाबी', मग 'वेयित्तेन लेखा', उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायातला इसहाकाचा आशीर्वाद, मग फळांवरचे आणि सुवासावरचे बेराखोत, म्हणजे आशीर्वचनं. तो मुलगा काही वेळ काहीच बोलला नाही. एलियाहूचं गाणं आणि वेयित्तेन लेखा या दोन्ही गोष्टी तो स्वतः दर शनिवारी रात्री म्हणतो. ज्या शनिवारी रात्री त्याने ते सत्तर मेसेज उघडले, त्याच्या दहा मिनिटं आधीही म्हटल्या होत्या.

कामाच्या बाजूने आम्ही चार गोष्टी ठरवल्या. मिनियानचा ग्रुप वेगळा केला आणि त्यात येऊ शकणारी माणसंच ठेवली. गाण्यांचा वेगळा काढला, ज्याला ऐकायचं त्याने यावं. ज्याला स्त्रीचा आवाज ऐकणं वर्ज्य वाटतं त्याने न यावं आणि त्यावर चर्चा करू नये. घरातलं कुठलंही चित्रण त्यातल्या माणसाला विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाही. आणि शब्बाथचं कुलूप: भारतात शुक्रवारी दिवे लावायच्या वेळेपासून इस्राएलमध्ये शनिवारी तारे दिसेपर्यंत, म्हणजे ऋतूप्रमाणे सत्तावीस-अठ्ठावीस तास, सगळे ग्रुप बंद.

पुढे काय झालं

मिनियानची मोजणी पुन्हा नीट चालू लागली. गाण्यांच्या ग्रुपवर साठेक माणसं आली. तो मुलगा त्यात नाही, त्याच्या आचाराप्रमाणे तो येणारच नव्हता. पण त्याने वहीच्या पानांचे फोटो मागवून घेतले आणि प्रत्येक गाण्यापुढे बायबलमधला अध्याय आणि ओवी हिब्रूत लिहून पाठवली. तीन गाण्यांत मूळ कथेत नसलेला आणि मिद्राशात, म्हणजे रब्बींच्या जुन्या टीका-कथांत, असलेला तपशील त्याने शोधून दिला. आमच्या पणज्यांना मिद्राश कुठून माहीत, हे मलाही सांगता आलं नाही.

मामा ग्रुपवर परत आले नाहीत. फोन करतात, मिनियानला येतात, लिहीत नाहीत. दोन कुटुंबं कायमची बाहेर पडली. एका बाईचं म्हणणं होतं की तुम्ही त्या मुलाकडून माफी मागवायला हवी होती. तिचं पूर्ण चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

आजीने वही पुन्हा उघडली ती पेसाहनंतर, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात.

शब्बाथच्या कुलपाची खरी परीक्षा ७ ऑक्टोबर २०२३ ला झाली. शनिवार, आणि सणही. इस्राएलमध्ये सकाळी साडेसहाला हल्ला सुरू झाला तेव्हा आपल्याकडे नऊ वाजले होते. आमचे नातेवाईक अश्केलोनला, अश्दोदला, स्देरोतच्या जवळ. ग्रुप बंद. भारतात सण दोन दिवसांचा, त्यामुळे नियमाप्रमाणे कुलूप रविवारी रात्रीपर्यंत राहिलं असतं. माझा फोन कपाटात होता. शेजारच्या जोशीकाकूंनी टीव्हीवर पाहून दार वाजवलं. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा लागतो, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलंय, पण इथून माझ्या मेसेजने कुणाचा जीव वाचणार होता? अर्धा तास मी ठरवू शकले नाही. शेवटी पनवेलकरांच्या मुलाने कुलूप काढलं आणि एकच ओळ लिहिली: जो सुरक्षित आहे त्याने नुसतं नाव लिहावं, बाकी काही नको. दुपारी तीनपर्यंत एक्केचाळीस नावं आली. तिकडे शेल्टरमध्ये बसून शब्बाथ पाळणाऱ्या माणसांनीही लिहिलं. दोन घरांचं नाव रात्री उशिरा आलं. आता नियमात त्यासाठी एक वाक्य आहे: संकटात कुठलाही एक ॲडमिन, कुणाला न विचारता, कुलूप काढेल, तेव्हा फक्त नावं आणि मदत, बातम्या नाहीत.

आज पुन्हा करायचं झालं तर

पन्नास माणसं झाली तेव्हाच मिनियानचा ग्रुप वेगळा काढायला हवा होता. माणसं गोळा करण्याच्या जागेवर आपण वाद घालायची, शिकायची, आठवणी काढायची जागा उभी केली आणि दोन्हींचे नियम एकच धरले.

मलिद्याचा व्हिडिओ टाकायच्या आधी आजीला विचारलं होतं का? नातीने विचारलं होतं, 'ग्रुपवर टाकू ना?' आजी 'टाक' म्हणाली होती. तिच्या दृष्टीने ग्रुप म्हणजे मशिदीतली माणसं. २५६ फोन आणि त्यातल्या प्रत्येकाच्या मागचे आणखी शेकडो, हे तिला कुणी दाखवून दिलं नव्हतं. मी शिक्षिका असून दाखवलं नाही.

शुक्रवारी साडेचारला तो मेसेज आला तेव्हा मी तो पाहिला होता. दिवे लावायला दीड तास होता. मामांना एक फोन केला असता, 'मी उद्या रात्री त्याच्याशी बोलते, तुम्ही लिहू नका' एवढं म्हटलं असतं, तर शनिवारचे ते सव्वादोन तास वेगळे गेले असते. मी तेव्हा किद्दूशसाठी, म्हणजे शब्बाथच्या प्याल्यावरच्या प्रार्थनेसाठी, मनुकांचं शरबत गाळत होते आणि मनात म्हटलं, बघू नंतर.

आणि आजीच्या गप्प बसण्याला आम्ही पुरेसं गंभीरपणे घेतलं नाही. आमचं सगळं लक्ष भांडणाऱ्या दोघांकडे. ती रागावलेली नव्हती, तिने तक्रार केली नव्हती, म्हणून तिच्याकडे नंतर जाऊ असं झालं. नऊ आठवडे गेले. मध्ये एकदा मी तिच्याकडे गेले तेव्हा तिने चिकचा हलवा पुढे केला आणि गाण्याचा विषय काढला नाही, मीही काढला नाही.

एप्रिल २०२१ च्या अखेरीस दुसऱ्या लाटेत आजीला करोना झाला. त्यातून ती उठली, पण आवाज गेला तो परत आला नाही. श्वास पुरायचा नाही. नात शेजारी बसून ओळ वाचायची आणि आजी बोटाने चटईवर ताल धरायची. २०२२ च्या पावसाळ्यात ती गेली. त्या सकाळी मिनियानच्या ग्रुपवर पन्नास मिनिटांत चौदा पुरुष भरले, मामा धरून.

वहीत पंचेचाळीस गाणी आहेत. एकतीस रेकॉर्ड झाली. उरलेल्या चौदांचे शब्द आहेत, अध्याय आणि ओव्या आहेत, तीन गाण्यांना नुसता चटईवरचा ताल आहे. चाल कुणालाच येत नाही. दिमोनात एक ब्याण्णव वर्षांच्या बाई आहेत, आजीच्या आळीतल्याच. नात पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे वही घेऊन जाणार आहे.